ढीग संपेपर्यंत

"जराखा चूप ऱ्हावा. ती सांगी ऱ्हायनी."

मिस्त्री असं म्हणाले की आम्ही सगळे गप्प व्हायचो, मालकसुद्धा. 'ती' म्हणजे मशीन. मिस्त्रींच्या हातात कडुनिंबाची हातभर काठी असायची. तिचं एक टोक ते चालत्या मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचे, दुसरं दातांत धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. घटकाभर तसेच उभे राहायचे. मग काठी काढून, तोंड पुसून सांगायचे की सातव्या मशीनचा चामड्याचा रूळ झिजलाय, नाहीतर मधल्या शाफ्टला उद्यापर्यंत तेल पुरायचं नाही. मी त्या कापसाच्या जिनमध्ये कारकून होतो. त्यांचं सांगणं खोटं ठरल्याचं मला तरी आठवत नाही.

तुम्ही कधी चालत्या जिनिंग फॅक्टरीत उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. कापसातून सरकी वेगळी करणारी चोवीस मशीनं एका दमात चालायची. रुईचा धुरळा नाकातोंडात जायचा, पट्टे फटफटायचे. त्या गदारोळात हा माणूस दातांनी ऐकायचा. आम्ही त्यांना नुसतं मिस्त्री म्हणायचो. नाव होतं, पण ते हजेरीच्या कागदापुरतं.

त्यांच्याबद्दल आज लिहायला बसलो त्याला कारण परवाचं लग्न. जेवणाच्या पंगतीत एक गृहस्थ शेजारच्या तरुणांना उपदेश करत होते. म्हणाले, "आपल्याकडे माणसं कशी होती! एका मिस्त्रीला विलायतेहून बोलावणं आलं होतं, कायमचं. पठ्ठ्याने परवाना लाथाडला आणि मालकाशी इमान राखलं." तरुणांनी माना डोलावल्या. मी पानावरून उठलो. सून म्हणाली, "बाबा, बीपी वाढेल." वाढू दे. ही गोष्ट मालकांनी स्वतः गावोगाव सांगून रुजवली आणि ती साफ खोटी आहे. खरं काय झालं ते माहीत असलेला बहुधा मी एकटाच उरलोय. ते सांगताना मी स्वतःही चांगला दिसणार नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

आमची जिन खानदेशात, शहाद्याहून प्रकाश्याच्या रस्त्याला. मिस्त्री ब्राह्मणपुरीचे. रोज सायकलवर यायचे, मागच्या कॅरियरला भाकरीचं गाठोडं आणि ती काठी. अंगाने किरकोळ, मिशा तेवढ्या भारी. बोलणं मोजकं. हंगामात त्यांचा रुबाब कलेक्टरसारखा, पण हंगाम संपला की हेच मिस्त्री कुणाच्या तरी उसात खुरपणीला दिसायचे, कारण जिन दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत बंद. एकदा मीच त्यांना बांधावर ओळखलं नव्हतं. ते हसले, म्हणाले, "आपलाकडे मिस्त्री सा महिनाना, भाऊसाहेब. बाकीना सा महिना मी कोन?"

प्रश्न हसत विचारलेला होता. मीही हसलो. तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, इंग्रजी पत्र लिहू शकणारा म्हणून तालुक्यात मान असलेला. अशा माणसाला हसण्यापलीकडे काही सुचत नाही.

सन साठच्या सुमारास मालकांनी गाठी दाबायची नवी प्रेस विलायतेहून मागवली. ती बसवायला कंपनीचा एक गोरा साहेब आला आणि तीन आठवडे राहिला. त्याला मराठी येत नव्हतं, मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं, आणि दोघांमध्ये दुभाष्या म्हणून मला उभं केलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात परत पाठवलं, कारण मी मध्ये येत होतो. प्रेसच्या पंपातली एक झडप वाटेत तडकली होती. साहेब म्हणाला, नवी यायला चार महिने लागतील. मिस्त्रींनी पितळेचा एक जुना ठोकळा शोधला, कानस घेतली आणि चौथ्या दिवशी झडप बसवली. साहेबाने ती बसवलेली पाहिली, परत काढली, उलटसुलट करून पाहिली आणि स्वतःच्या हाताने बसवली. जाताना त्याने मिस्त्रींची काठी मागून घेतली, दातांत धरली, मशीनला लावली आणि बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला. काठी परत देताना त्याने टोपी काढली. आमच्या जिनमध्ये मिस्त्रीसमोर टोपी काढणारा तो पहिला आणि शेवटचा.

वर्ष-दीड वर्षाने साहेबाचं पत्र आलं. विलायत सरकारने तेव्हा नवा कायदा केला होता. पूर्वी आपल्याकडचा माणूस उठून तिकडे जाऊ शके. आता तिथल्या एखाद्या कारखानदाराने नाव घेऊन कारागीर मागितला, त्याच्यासाठी सरकारकडे अर्ज केला, तरच परवाना मिळे. त्या कागदाला व्हाउचर म्हणत. साहेबाची कंपनी असा अर्ज करायला तयार होती. जिथे या प्रेस जन्मतात त्याच कारखान्यात फिटरची जागा, कायमची. जाताना बायको आणि दोन्ही मुलींना नेता येईल, तिथेच राहता येईल. फक्त अनुभवाचा दाखला हवा, पासपोर्ट हवा, आणि माणसाची इच्छा हवी.

मी पत्र मिस्त्रींना वाचून दाखवलं. मग त्यांनी एकच विचारलं, "तठे मशीन बारा महिना चालस?"

मी म्हटलं, कारखाना आहे, बाराही महिने चालत असणार.

"मंग लिखा. येस म्हनो."

दाखला मालकांनी आनंदाने दिला. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल मी एकतर्फी लिहितो. तापीकाठची मोठी जमीनदारी, केळी, कापूस, ऊस. बोलणं गोड, माथ्यावर गंध. प्रकाश्याच्या घाटावर यात्रेकरूंसाठी त्यांची पाणपोई होती. सगळे त्यांना काका म्हणायचे. काकांनी दाखल्यात मिस्त्रींची एवढी स्तुती सांगितली की मला इंग्रजी शब्द पुरेनात. पासपोर्टसाठी लागणारी हमीही त्यांनीच भरून दिली आणि आल्यागेल्याला सांगू लागले, "आमना मिस्त्री विलायतले चालना."

पासपोर्टचा फोटो काढायला मी त्यांना नंदुरबारला नेलं. फोटोग्राफरने 'तयार' म्हटलं की मिस्त्री मान तिरकी करायचे, डावा कान कॅमेऱ्याकडे. तीनदा तसंच. शेवटी फोटोग्राफर वैतागला. मिस्त्री म्हणाले, "त्यान्हा चाप अटकी ऱ्हायना, आवाज देखा ना." खरंच चाप अडकत होता. त्यांनी तो दुरुस्त करून दिला, मग सरळ बसले. पुढे चौकशीला पोलीस हवालदार ब्राह्मणपुरीत गेला तर गावाला वाटलं मिस्त्रीने कुठे चोरी केली. त्यांच्या बायकोने त्याला चहा दिला आणि रडत रडत मुलींना आत कोंडलं. खरं कळल्यावर तिने मला गाठलं आणि एकच शंका विचारली, "भाऊ, तठे दादर भेटस का?" दादर म्हणजे आमच्याकडची पांढरी ज्वारी. मी म्हटलं, नाही मिळत बहुतेक. त्या दिवसापासून ती दादर निवडून पिशव्यांत भरू लागली. दुपारच्या सुट्टीत मी मिस्त्रींना इंग्रजी शिकवायचो. हत्यारांची नावं ते एका आठवड्यात शिकले, बाकी काही शिकायला तयार नव्हते. म्हणायचे, "मले मशीनसंगे बोलनं शे, लोकसंगे नई."

डिसेंबरात व्हाउचर आलं. त्याच्यावर मुदत होती, सहा महिन्यांची. जूनच्या दहा तारखेच्या आत तिकडच्या बंदराला लागलं तर ठीक, नाहीतर कागद रद्द. मुंबईहून बोटीला तीन आठवडे लागत. मी हिशेब करून सांगितलं, फेब्रुवारीत पासपोर्ट हाती येतोय, तेव्हाच निघा.

मिस्त्रींनी प्रेसच्या खांबाकडे बोट दाखवलं. तिथे लाल फडक्यात बांधलेला नारळ टांगलेला होता.

हा नारळ समजून घ्या, सगळं त्याच्यावरच अडलं. आमच्या जिनमध्ये मिस्त्रीची बोली दसऱ्याला व्हायची. कागद नाही, सही नाही. मालक मिस्त्रीच्या हातावर नारळ ठेवायचे. मिस्त्री तो फडक्यात बांधून प्रेसच्या खांबाला टांगायचा. हंगामातला शेवटचा कापूस निघाला, शेवटची गाठ दाबून झाली, की मिस्त्रीनेच तो फोडायचा आणि खोबरं वाटायचं. तोवर मिस्त्री जिनचा. घरात मयत झालं तरी अग्नी देऊन माणूस कामावर यायचा. त्या साली व्हाउचर डिसेंबरात आलं आणि नारळ त्यांनी दसऱ्याला घेतला होता.

"आखाजीपावत ढीग सरी जाई," ते म्हणाले. "मंग जासू. घाई काय?"

हिशेब बरोबर होता. आखाजी एप्रिलच्या अखेरीस होती. मेच्या चार तारखेला एक बोट होती, अठराला दुसरी. अठराची चुकली तर खेळ खलास. पण आखाजीपर्यंत कापसाचा ढीग संपून आमचं आवार दरवर्षी झाडून स्वच्छ झालेलं असे. मी मुंबईच्या एजंटाला चार तारखेसाठी लिहून टाकलं.

होळीला ढीग कमरेइतका उरला होता. त्या दिवशी मिस्त्रींनी पहिल्यांदा मला बिडी देऊ केली.

होळीनंतर तीन-चार दिवसांनी मागच्या फाटकावर सहा गाड्या आल्या. फाटकाची आवक लिहायचं काम माझं. गाड्या हद्दीजवळच्या खापर गावच्या बाजाराकडून आलेल्या. त्यांत कवडी कापूस होता, किडका, पिवळा पडलेला. असला कापूस आम्ही एरवी दारात उभा करत नसू. मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "गरीबना माल शे, पडू दे." मला वाटलं, धर्मात्मा माणूस.

दोन दिवसांनी आणखी आठ गाड्या. मग रोज. काकांचा माणूस गुजरातच्या हद्दीपर्यंत जाऊन घराघरांतून उरलासुरला कापूस गोळा करत होता. गाड्या यायच्या त्या भर दुपारी, मशीनं जोरात असताना, आणि वखारीच्या मागून. मिस्त्री सकाळी आत शिरले की संध्याकाळीच बाहेर पडायचे. भाकरीसुद्धा मशीनजवळ बसून खायचे. बाहेर येऊन पाहावं तर ढीग कालच्याइतकाच.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला आठवडा लागला, एवढा मी शहाणा. नवी प्रेस मिस्त्रींशिवाय कुणाला उमगत नव्हती. मिस्त्री गेले तर पुढचा हंगाम कोण चालवणार, हे काकांच्या ध्यानात स्तुतीचा दाखला देताना आलं नव्हतं, होळीला आलं. दिलेला दाखला परत घेणं त्यांच्या प्रतिष्ठेत बसत नव्हतं. 'जाऊ नको' म्हणणंही बसत नव्हतं. ढीग वाढवणं बसत होतं.

मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, मिस्त्रींची बोट आहे." काकांनी जपमाळ थांबवली नाही. "मी त्याले कधी नको जाऊ म्हनं का? उद्या जाय म्हना. मी सोता टेसनवर सोडाले येसू." आणि माझ्याकडे पाहून हसले. फार प्रेमळ हसायचे.

आता बायकांचं सांगतो. मशीनवर कापूस घालायला चाळीस-पन्नास बायका होत्या. त्यांना गाड्या दिसत होत्या. त्या बोलल्या नाहीत, कारण ढीग होता तोवर त्यांना मजुरी होती आणि उन्हाळ्यात दुसरं काम नव्हतं. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांची चूल त्या ढिगावर पेटत होती. माझी चूल पेटायला कसलीच अडचण नव्हती. माझे वडील प्रकाश्याला शाळामास्तर होते, घरी जमीन होती. मला एवढीच भीती होती की काका नाराज होतील. नोकरी जाईल असंही त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. नुसत्या नाराजीची भीती. कसल्या मातीचा असतो माणूस!

आखाजी आली. सासुरवाशिणी माहेरी आल्या, झाडांना झोके बांधले गेले. ब्राह्मणपुरीत मिस्त्रींच्या घरी गावच्या बायकांनी त्यांच्या बायकोला ओवाळून घेतलं. ही पोर पुढच्या आखाजीला इथे नसणार म्हणून. ढीग मात्र कमरेइतकाच होता.

मिस्त्रींनी चार तारखेची बोट सोडली. मी एजंटाला अठरासाठी लिहिलं. आणि मग त्यांनी जे केलं ते आठवलं की मला आजही हात आपटावासा वाटतो. त्यांनी मशीनं खोलायला सुरुवात केली. दिवसभर जिन चालवायची आणि सुट्टी झाली की एकेक मशीन खोलायचं. रूळ काढले, त्यांच्या चामड्यावर नव्या खाचा पाडल्या, पात्यांचं अंतर केसाएवढं सारखं केलं. दातांत काठी धरून एकेका बेअरिंगपाशी उभे राहिले. कारण त्यांच्या हिशेबाने चोवीस मशीनं एवढा वेळ चालली तर ढीग संपायलाच हवा होता. तो संपत नव्हता, म्हणजे मशीनं कमी कापूस ओढत होती. म्हणजे त्यांना ऐकू येत नव्हतं. मालक लबाडी करत असेल असं त्यांच्या मनात आलं नाही. स्वतःच्या कानांवर संशय घेणं त्यांना सोपं गेलं.

मेच्या पंधरा तारखेला मी ठरवून मशीनघरात गेलो. आज सांगायचंच. उन्हाने पत्रे तापलेले, जेवणाची सुट्टी, मशीनं बंद. मिस्त्री जमिनीवर बसले होते, समोर खोललेला रूळ. चेहरा ओढलेला. त्यांनी मला जवळ बसवलं.

"भाऊसाहेब, आवाज सोनासारखा शे. मंग ढीग काबर उतरत नई? मशीन खोटं बोली ऱ्हायनं का मी बहिरा व्हई गऊ?"

मी म्हटलं, "मिस्त्री, तो नारळ राहू द्या. आज रात्रीच्या गाडीने निघा. मी बसवून देतो."

"अर्धा ढीग टाकीसन गऊ तं तठला साहेबले काय तोंड दाखाडू? तोबी म्हनी, याले काम टाकानी सवय शे." मग समोरचा रूळ बाजूला सारून, "तुम्ही शिकेल शेत. सांगा, मशीन खोटं बोलस का?"

तोंड उघडायला यापेक्षा चांगली वेळ कुणाला मिळाली नसेल. मागच्या फाटकाच्या आवकीची वही माझ्या काखेत होती. मी म्हणालो, "जुनी झाली असतील मशीनं."

त्यांनी मान हलवली आणि परत रूळ हातात घेतला.

एवढंच बोललो मी. शाळेत पहिला नंबर काढणारा मी.

अठरा तारखेला बोट सुटली. मिस्त्री कामावर होते. एकोणीस तारखेपासून मागच्या फाटकावर एकही गाडी आली नाही. विसाला नाही, एकविसाला नाही. ढीग असा भराभर उतरला की मिस्त्री मशीनघरातून बाहेर येऊन पाहत राहिले. पंचविसाला शेवटची गाठ दाबली गेली. त्यांनी नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं, मलाही दिलं. काकांनी त्यांना फेटा बांधला आणि चार लोकांत म्हणाले की असा इमानी माणूस जगात नाही, याने माझ्यासाठी विलायत सोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परवा पंगतीत ऐकली ती गोष्ट त्या क्षणी जन्मली. ते खोबरं मी खाल्लं, हेही लिहून ठेवतो.

मी कंपनीला पत्र लिहिलं. हंगाम लांबला, मुदत वाढवून मिळेल का. उत्तर पावसाळ्यात आलं. मिस्त्री ऑफिसात आले, दारातच उकिडवे बसले. मी वाचून सांगितलं की मुदत वाढत नाही आणि ती जागा भरली गेली.

ते म्हणाले, "भाऊसाहेब, कागदवर सात ओळी शेत. तुम्ही दोनच वाच्यात."

मग बाकीच्या वाचाव्या लागल्या. साहेबाने लिहिलं होतं की त्याने वरिष्ठांपाशी स्वतः शब्द टाकून हा माणूस मागितला होता. सगळं हातात असून, दोन बोटी सोडून तो आला नाही. यापुढे तिकडच्या कुणासाठी असा अर्ज करायला कंपनी तयार होणार नाही. दिलेला शब्द पाळण्याला आमच्याकडे फार मोल आहे, असं शेवटी होतं.

मिस्त्रींनी पत्र मागून घेतलं. दोन घड्या घातल्या आणि टोपीत ठेवलं. घरी पिशव्यांत भरलेली दादर त्यांच्या बायकोने त्या पावसाळ्यात दळून खाल्ली.

मालक पुढे खूप वर्षं जगले, सन्मानाने. त्यांची तसबीर शाळेत आहे, हार दरवर्षी बदलतात. मिस्त्री पुढल्या वर्षी खापरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीत, कुठल्याशा पिठाच्या गिरणीवर कुटुंबासह गेले. तिथून परत आले नाहीत, कुठे वारले तेही कळलं नाही. पण ते गाव सोडण्याआधी एकदा आमची भेट झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्याला काही अर्थ नाही.

दसरा आला तेव्हा काकांनी नवा नारळ माझ्याच हातात दिला आणि मला ब्राह्मणपुरीला पाठवलं. मी गेलो. न जाण्याचं धैर्य असतं तर ही गोष्टच घडली नसती. मिस्त्री अंगणात खाटेवर बसले होते. बायकोने चहा आणला, घोटभर पाणी आणलं, पण एरवी करायची तशी विचारपूस केली नाही. मी नारळ पुढे केला. मिस्त्रींनी तो हातात घेतला नाही. खाटेवर ठेवा म्हणून खूणही केली नाही. तो माझ्या मांडीवरच राहिला.

"आमना गावनी एक बाई शे तुमना जिनमा," ते म्हणाले. "तिनी सांगं. मांगतून गाड्या येत व्हत्यात."

मी मांडीवरचा नारळ सावरला.

"मन्हा कान चांगला व्हता मंग."

"हो," मी म्हटलं. "मशीनंही चांगली होती."

"तुमले माहीत व्हतं?"

"मीच लिहून घेत होतो गाड्या."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तयारीने गेलो होतो; काकांना शिव्या दिल्या की आपणही दोन द्यायच्या आणि हलकं होऊन परतायचं. त्यांनी काकांचं नावही काढलं नाही. काही तरी खरोखरच समजून घ्यायचं असावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मी तं नारळ लियेल व्हता, भाऊसाहेब. म्हनीसन बांधायेल व्हतू. तुम्ही काय लियेल व्हतं?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली. चांगली पाहिली, माझा चहा निवेपर्यंत.

मी काहीच घेतलेलं नव्हतं. कुणी देऊ केलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. मी फुकट गप्प बसलो होतो.